बॅटऱ्यांचा मुक्काम

चाचांनी माझ्या दुकानातून एकही वस्तू कधी पहिल्या दिवशी विकत नेली नाही. ते ती आधी मुक्कामाला नेत. "शेठ, आज हिला आमच्याकडं मुक्कामाला नेतो," असं म्हणून कडेवर पोर घ्यावं तशी बॅटरी घेऊन ते रस्ता ओलांडत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा माझ्या काउंटरवर येई. मग घरी राहून गेलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल बोलू लागत.

"स्वभावानं चांगली हाय. पन थोडी कुरकुरती."

"चाचा, बॅटरी कुरकुरत नाही."

"तुमी कधी तिच्याजवळ बसलाय का? तुमी इकता फक्त."

आता मी नगरला असतो. मुलांच्या शाळेसाठी दुकान इकडं आणलं. इथलं गिऱ्हाईक गाडी चालू ठेवूनच बॅटरी मागतं आणि मी डबा उघडायच्या आत मोबाईलवर पैसे पाठवून मोकळं होतं. धंद्याला हे बरंच आहे. तरी एखादा माणूस वस्तू हातात घेऊन नुसता उभा राहिला, की मला तिसगावचं माझं जुनं दुकान आठवतं आणि समोरचं चाचांचं कटपीसचं दुकान आठवतं. खरं सांगायचं तर चाचांची मला रोज आठवण येते. हे त्यांना कळलं तर ते विचारतील, "रोज म्हंजे सकाळी का संध्याकाळी?" आणि उत्तर ऐकून त्यावर विचार करत बसतील.

विचार करणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता आणि कापड विकणं हा जोडधंदा. कलिंगडाच्या ढिगापाशी उभे राहिले की ते प्रत्येक कलिंगडाला कान लावत. विकणारा आधी हसे, मग वैतागे, आणि शेवटी स्वतःच कान लावून ऐकू लागे. एकदा बकरीदसाठी बकरा घ्यायला ते मला घेऊन थेट काष्टीच्या बाजाराला गेले. तिथं त्यांनी एकेका बकऱ्याच्या मालकाला बकरा काय खातो, रात्री झोपतो का, पोरांना शिंग मारतो का, असं सगळं विचारलं. दिवसभर उन्हात हिंडलो. संध्याकाळी परत निघालो तेव्हा त्यांच्या हातात फक्त दोरी होती.

"बकरा कुठाय?" मी विचारलं.

"मनासारखा न्हाई घावला. दोरी मात्र लई चांगली मिळाली."

मी त्या दिवशी तिसगाव येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र सगळ्या वाटेनं दोरीचा पीळ बघत आनंदात बसले होते.

स्वतःच्या दुकानातही त्यांचा हाच न्याय होता. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला जायच्या आधी बायका पोरांसाठी कापड घ्यायला येत. एखादी बाई दोन कटपीस मांडीवर घेऊन दुपारभर बसे. हे घेऊ का ते घेऊ, हे तिचं ठरत नसे. दुसरा दुकानदार असता तर त्यानं तिला केव्हाच उठवलं असतं. चाचा तिच्यासाठी चहा मागवत आणि म्हणत, "दोन्ही घेऊन जा, ताई. घरच्यांना दाखव. न्हाई आवडंल ते उद्या आनून दे." बाई उजळ तोंडानं घरी जाई. एखादा तुकडा परत आला नसेलही, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. माणसाला घाईत निवडायला लावणं त्यांना फसवणूक वाटायची.

आता त्यांच्या आईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण बॅटऱ्यांचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. तिला आम्ही सगळेच अम्मी म्हणायचो. आपसात ते लोक दख्खनी बोलत, आमच्याशी मात्र गावची मराठी. अम्मी लहान असताना ईदचा चाँद गावात सगळ्यात आधी तिला दिसायचा, असं जुनी माणसं सांगत. मोठी माणसं डोळे ताणून बघत राहायची आणि ही परकरातली पोर बोट दाखवून मोकळी व्हायची. पुढं लग्न होऊन ती गावातच राहिली, आणि चाँद बघायचा तिचा मानही तिच्याकडंच राहिला.

मग फोन आले. इथं दिसो न दिसो, चाँद दिसल्याची बातमी बाहेरून कळू लागली आणि मशिदीच्या भोंग्यावरून ती गावाला सांगितली जाऊ लागली. त्यात काही चूक आहे असं अम्मीचं म्हणणं नव्हतं. ती रोजे सोडायची, पोरांना ईदगाहला पाठवायची, सगळ्यांना दुवा द्यायची. फक्त शीरखुर्म्याचं पातेलं चुलीवर ठेवायची नाही. "ईद झाली, मान्य हाय," ती म्हणायची, "पन मी चाँद बघितला न्हाई, तवर माझी झाली न्हाई." दुसऱ्या संध्याकाळी थोडा मोठा झालेला चाँद ती गच्चीवरून स्वतः बघायची, आणि मग पातेलं चढायचं.

त्यामुळं आमच्या घरी ईदचे बाकीचे डबे ईदच्या दिवशी यायचे आणि चाचांच्या घरचा दुसऱ्या दिवशी. माझी बायको तर त्या दिवसाला अम्मीची ईद म्हणायची. पहिल्या दिवशी आलेला शीरखुर्मा ती वाटीभर खायची आणि उरलेली भूक दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायची. अम्मीच्या हाताला चव तशीच होती.

मग अम्मीचे डोळे गेले. अगदी अंधार झाला नाही, पण मोतीबिंदू काढूनही फरक पडला नाही. डोळ्याच्या पडद्याचंच काहीतरी आहे, असं डॉक्टर म्हणाले. मोठी वस्तू दिसेल, बारीक दिसणार नाही. त्या वर्षी दुसऱ्या दिवसाचा चाँदही तिला दिसला नाही. घरच्यांनी बोट दाखवलं, मान धरून वळवली. ती म्हणाली, "तुमी म्हनता तर असंल." आणि खाली येऊन बसली. त्या वर्षी पातेलं चढलंच नाही. चाचीनं करते म्हटलं, तर अम्मी म्हणाली, कर की, तुला कोन अडवतंय. पण ते ज्या आवाजात म्हणाली, त्यानंतर चाचीचा हात काही चालला नाही. आमच्याकडं डबा आला नाही. आम्हीही काही विचारलं नाही.

त्यानंतर महिना-दीड महिना चाचा दुकानात नुसते बसून होते. मग एक दिवस रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "शेठ, डॉक्टर म्हनला मोठी वस्तू दिसंल. मग चाँद मोठा केला तर?"

अशी दुर्बीण आली. आली म्हणजे वर्षभरानं आली, कारण निवडायची होती. मधली एक ईदही पातेल्याशिवायच गेली. पुण्याच्या एका हौशी गृहस्थाकडून त्यांनी ती वापरलेली घेतली. मोटर असलेली होती. बटन दाबलं की आपोआप फिरणारी आणि आभाळातली वस्तू एकदा धरली की तिच्यामागं हळूहळू चालत राहणारी. साधी हातानं फिरवायची पुष्कळ स्वस्त मिळत होती. ती का घेतली नाही, असं मी विचारलं.

"साधीतनं बघितलं मी. चाँद धरला की सरकतो. आपन आपलं बाजूला व्हायचं, तवर तो निघून जातो. पृथ्वी फिरते न्हाई का? आपल्याला कळत न्हाई, दुर्बिणीला कळतं. अम्मीला खुर्चीवरनं पुढं वाकायला, चष्मा काढायला, डोळा लावायला किती येळ लागतो, तुमी बघितलंय. तवर चाँदाला कोनीतरी धरून ठेवायला पाहिजे."

मोटर म्हटली की वीज आली. घराच्या गच्चीवरून भागलं असतं, पण पश्चिमेला नवी तीन मजली इमारत उभी राहिली होती, आणि ईदचा चाँद दिसतो तो सूर्य बुडाल्यावर, अगदी खाली, थोडाच वेळ. मोकळी पश्चिम हवी तर गावाबाहेर पाझर तलावाच्या बांधावर जायला पाहिजे. तिथं विजेचा खांबही नाही. म्हणून बॅटरी, आणि तीही उचलून नेता येईल अशी. इथं माझा संबंध आला आणि माझ्या हालअपेष्टा सुरू झाल्या.

मी दुकानदार माणूस. दुकानदार सगळ्यात मोठी वस्तू आधी दाखवतो. मी इन्व्हर्टरची भलीमोठी बॅटरी दाखवली आणि म्हणालो, "ही न्या. चार दुर्बिणी चालवा." चाचांनी ती हातगाडीवरून मुक्कामाला नेली. सकाळी हातगाडी परत आली.

"पाहुनी तालेवार हाय. पन उचलायला चार मानसं लागतात. मयताला लागतात तेवढी. ईदला नको."

मग जुन्या पद्धतीची, ॲसिडवाली मोटारसायकलची बॅटरी नेली. स्कूटरवरून नेताना ती कलंडली आणि चाचांच्या पँटला गुडघ्यावर भोक पडलं. कापडाच्या माणसाला भाजलं तरी चालेल, पण कापड जळलेलं चालत नाही. "ही कापडाची दुश्मन हाय," एवढंच बोलून त्यांनी ती दोन बोटांनी माझ्यापुढं सारली.

नंतर एक मोठी पॉवर बँक मागवली. ती हलकी होती, दिसायला देखणी होती, सगळ्यांना आवडली. सकाळी चाचा आले ते मान हलवतच.

"ही झोपती."

"झोपती म्हणजे?"

"दुर्बीन चाँदाच्या मागं चालती तवा अगदी कमी खाती. हिला वाटतं पंगत उठली. ही आपली आवराआवर करून झोपून जाती. आनि एकदा का वीज गेली की दुर्बीन सगळं इसरती. आपन कुठं हाय, चाँद कुठं हाय, काय बी तिला आठवत न्हाई. पुन्हा पहिल्यापासनं ओळख करून द्यायची."

मला हसू आलं, पण त्यांचं निदान चूक नव्हतं. फार कमी वीज खेचली की तशा पॉवर बँका बंद पडतातच.

त्यानंतर त्यांनी फवारणीच्या पंपातली बॅटरी नेली. आमच्या भागात पाठीवरचा फवारणीचा पंप घरोघर आहे, आणि त्यातली ती विटेएवढी बॅटरी मी जितकी विकली तितकं दुसरं काही विकलं नाही. चाचांनी तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावायची आणि तासभर बसायचं. मग अहवाल येई. "हळू फिरवली तर नीट चालती. जोरात फिरवली की हिचा दम तुटतो, आनि दुर्बीन बंद पडती. धावत न्हाई ही, पन चालती." हे ते इतक्या गांभीर्यानं सांगत की समोर बसलेला शेतकरी पंप घ्यायचा का नाही या विचारात पडे.

शेवटी मी त्यांच्यासाठी लिथियमची बॅटरी मागवली. ती वजनाला हलकी होती, धावणारी होती, झोपणारी नव्हती. माझ्या मते विषय संपला. चाचांच्या मते मुक्काम सुरू झाला. शब-ए-बरात होऊन गेली, रमजान लागला, रोजे निम्म्यावर आले, तरी त्यांचं "बघू"च चालू. एके दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना ते पुन्हा त्या बॅटरीचा स्वभाव सांगू लागले आणि माझं डोकं फिरलं.

"चाचा, एवढ्यात एखाद्या पोरीचं लग्न होऊन बारसंही झालं असतं. घ्यायची तर घ्या, नाहीतर राहू द्या!"

ते रागावले नाहीत. रोज्यानं ओठ सुकलेले होते. बॅटरीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "शेठ, वस्तू चुकली तर तुमी बदलून देता. कापड चुकलं तर मी बदलून देतो. तो चाँद वर्षात एकदाच दिसतो, अर्धा तास. तेवढ्यात काय चुकलं तर ते बदलून कोन देनार? आनि अम्मीच्या किती ईद ऱ्हायल्यात, मला म्हाईत न्हाई."

माझा राग जागच्या जागी विरला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाच गल्ला उघडून त्यात काहीतरी शोधू लागलो. आलेलं गिऱ्हाईकही सगळं ऐकत होतं. तो एका कांदेवाल्याचा भाऊ होता आणि त्यानं ती गोष्ट घरी जाऊन सांगितली असणार, कारण ती पुढं उपयोगी पडली.

एकोणतिसाव्या रोज्याला चाँद दिसण्याची शक्यता असते. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. चाचांनी एक टेम्पो सांगितला होता. त्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अम्मी, शेजारी चाची, पुढ्यात गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण, आणि चाचांच्या मांडीवर ती लिथियमची बॅटरी. तिला त्यांनी उरलेल्या हिरव्या कटपीसची पिशवी शिवली होती, बंद आणि झालरीसकट. मी म्हणालो, "नवरीसारखी सजवलीत." ते म्हणाले, "आज पहिल्यांदा कामावर निघालीय."

बांधावर पोहोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. खाली कांद्याच्या वाफ्यांत एकजण फवारणी करत होता. पलीकडं पाणी आटून तळाशी गेलेलं. चाचांनी दुर्बीण उभी केली आणि सूर्य पूर्ण बुडेपर्यंत काढायचं नाही म्हणून तिच्या तोंडावर झाकण ठेवलं. मग पिशवीची गाठ सोडली, चिमटे लावले, बटन दाबलं. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

त्यांनी पुन्हा दाबलं. काही नाही. मी खिशातलं मीटर लावून बघितलं. बॅटरी रिकामी होती.

"रात्रभर चार्जिंगला लावली हुती की," चाची म्हणाली.

खुर्चीवरून अम्मीचा आवाज आला. "कोपऱ्यातलं बटन व्हय? ते मी बंद केलं. तुमी सगळी झोपलात आनि लगेच मला तिथं लाल उजेड दिसला. म्हनलं, पोरगा बटन चालू ठेवून झोपला. लाईट वाया जायाची."

घरातलं प्रत्येक चालू बटन बंद करत हिंडायची तिला जन्माची सवय होती. आदल्या संध्याकाळी चाचांनी शेवटची तालीम म्हणून बॅटरी पार उतरेपर्यंत चालवली होती. आणि सकाळपासून ती पिशवीत बांधून ठेवलेली, तपासली नाही, कारण पाहुण्याला सारखं उठवायचं नसतं. वर्षभर ज्या माणसानं जगातली प्रत्येक बॅटरी पारखली, त्याच्या हातात ऐन वेळी मेलेली बॅटरी होती. मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना.

"काय झालं रे?" अम्मीनं विचारलं. "माझ्यामुळं काय बिघडलं का?"

"काय न्हाई अम्मी. बरं केलं बंद केलं. लाईटबिल वाचलं." चाचांनी हे अगदी हसत म्हटलं. मग माझ्याकडं वळले तेव्हा हसू नव्हतं. "दुकानात जाऊन येता?"

"जाऊन येईपर्यंत चाँद बुडेल, चाचा."

तेवढ्यात खालच्या वाफ्यातून पंपाची घरघर आली. आम्ही दोघांनी एकाच वेळी तिकडं बघितलं. मी काही म्हणायच्या आत चाचा धोतराचा सोगा धरावा तसा पायजमा धरून बांध उतरू लागले. दिवसभराचा उपास, वय साठीच्या पुढं, आणि माणूस ढेकळांतून पळत होता. पंपवाला त्याच कांदेवाल्यांपैकी निघाला, दुकानात बसलेल्याचा मोठा भाऊ. त्याला फार सांगावं लागलंच नाही.

"अम्मीच्या चाँदाचं हाय का?" तो म्हणाला. "मग अर्धा वाफा उद्या फवारीन. चला."

तो पंप पाठीवर घेऊन तसाच वर आला. बॅटरी पंपाच्या बुडाला असते. मी टाकी वाऱ्याच्या खालच्या अंगाला आडवी करायला लावली, तरी औषधाचा वास आलाच. खिशातल्या टेस्टरच्या टोकानं खालचे स्क्रू काढले, बॅटरी बाहेर घेतली आणि चिमटे लावले. दुर्बिणीचा लाल दिवा लागला आणि राहिला. त्याच वेळी गावाकडून मगरिबची अजान ऐकू आली. चाचांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, आणि आम्हाला बजावलं, "कोनी हात लावू नका." मग तिथंच बांधावर चादर टाकून नमाज पढायला उभे राहिले. अम्मी खुर्चीवर बसून पढली. मी आणि कांदेवाला दुर्बिणीच्या दोन बाजूंना पहारा देत असल्यासारखे उभे होतो आणि आभाळ धुंडाळत होतो. तांबूस उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं.

नमाज झाल्यावर अम्मीनं विचारलं, "सूर्य कुठं बुडाला?"

"त्या बाभळीच्या मागं," मी म्हणालो.

"मग बाभळीच्या डोक्यावर बघा. ह्या दिवसांत चाँद सूर्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो. जरासा उजवीकडं. बाजूला शोधू नका."

आम्ही बाजूलाच शोधत होतो. कांदेवाल्यानं मान वर केली आणि एकदम ओरडला, "त्ये काय!" मलाही दिसला. नखाच्या कडेएवढा, इतका फिकट की नजर हलली की हरवावा. चाचांनी झाकण काढलं आणि बटनाला बोट लावलं. मी म्हणालो, "लवकर, चाचा." त्यांनी मान हलवली.

"न्हाई. ही धावत न्हाई. चालती."

आणि मग मला कळलं की या माणसाचे ते गच्चीवरचे तास कशासाठी होते. त्यांनी दुर्बिणीचा वेग अगदी कमी केला आणि ती तसूतसूनं बाभळीवर नेऊ लागले. जोरात नेली असती तर त्या जुन्या बॅटरीचा दम तुटला असता आणि दुर्बीण सगळं विसरली असती. मला ते सुचलं नसतं, मी जोरातच दाबलं असतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळा लावला, बोट उचललं आणि श्वास सोडला. मोटरचा बारीक आवाज चालू राहिला. चाँद धरला गेला होता.

अम्मीची खुर्ची पुढं सरकवली. अम्मी उंच बसली होती, तर चाचीनं तिच्याखालची गोधडी काढून घेतली. अम्मीनं चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ओढणी आडवी आली. डोळा जागेवर लागेना. मी मनात दर क्षणाला म्हणत होतो, आता गेला असेल, आता गेला असेल. पण तो जागचा हलत नव्हता, तिची वाट बघत होता. शेवटी ती थांबली, आणि आम्ही सगळेच थांबलो.

"उपडा हाय," अम्मी म्हणाली.

"दुर्बिनीत उपडाच दिसतो, अम्मी," चाचा म्हणाले. "भिंगाचा खेळ हाय."

तिनं डोळा काढला नाही. ओठ हलले असं मला वाटलं, पण उजेड कमी झाला होता. ती इतका वेळ बघत राहिली की कांदेवाला पंपाच्या टाकीकडं बघू लागला. मग मागं टेकून बसली, चष्मा घातला आणि म्हणाली, "चला घरी. थंडी वाजती." मार्चअखेरीचा उकाडा होता.

कांदेवाल्याची बॅटरी पंपात परत बसवून आम्ही निघालो. गावात शिरलो तेव्हा भोंग्यावरून चाँद दिसल्याचं सांगत होते, पोरं फटाके वाजवत होती. चाचा मला माझ्या दारात सोडायला उतरले आणि तिथंच उभे राहिले.

"बघितला असं म्हनली न्हाई. उपडा हाय म्हनली." दोन कटपीस मांडीवर घेऊन बसलेल्या बाईसारखा चेहरा झाला होता त्यांचा. "उपडा धरंल का ती, शेठ?"

"ते मी काय सांगणार?"

"व्हय, तुमी काय सांगनार," ते म्हणाले आणि गेले. मलाही जेवण गोड लागलं नाही. बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "परवा कळेलच."

सकाळी मी अंगणात दात घासत होतो. फाटक वाजलं. पांढऱ्या कपड्यांत, अत्तराचा वास घेऊन चाचा उभे होते. ईदगाहला निघाले होते. हातात रुमालात बांधलेला पितळी डबा. माझ्या तोंडात फेस होता, त्यामुळं मला बोलता येईना. त्यांनी डबा माझ्यापुढं केला.

"अम्मी रातीच बसली चुलीपाशी," ते म्हणाले. "कोनाला हात लावू दिला न्हाई. आनि शेठ, ती पंपातली बॅटरी. तसली नवी एक काढून ठेवा माझ्यासाठी."

मी चूळ भरली. "मुक्कामाला नेता?"

"न्हाई. कायमची. अम्मी म्हनली, आता ठरवून टाक एकदाचं." आणि नमाजाला उशीर होईल म्हणून ते घाईघाईनं गेले. त्यांना घाईत चालताना मी आयुष्यात दोनदाच पाहिलं आणि ती दुसरी वेळ होती.

डबा मी बायकोच्या हातात दिला. तो इतका गरम होता की तिनं तो पदरात धरला. तिनं झाकण थोडं उघडून वास घेतला आणि गोंधळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"अहो, ईद आजच आहे ना?"

"आजच आहे," मी म्हणालो.